आत्याबाईला न कळलेलं नातं

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक जुनी मशीन होती. तिला सगळे थोरली म्हणायचे. थोरलीच्या पोटातला पंखा असा काही गुणगुणायचा, की आत कुणी पाळणा हलवतंय असं वाटावं. दुपारचं ऊन खिडकीतून आलं की आधी तिच्या पाठीवर बसायचं, मग जमिनीवर उतरायचं आणि पेंगत पेंगत समोरच्या भिंतीला टेकायचं.

ऑफिस लहानसंच. आजारात ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी इथली माणसं आवाज बनवायची. गळ्यात अडकवायची एक डबी, डबीवर अक्षरं. माणसाने टाइप करायचं आणि डबीने बोलायचं. गळ्याच्या ऑपरेशनआधी कुणी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला असला, तर डबी त्याच्याच आवाजात बोले. बाहेरून बघावं तर केवढीशी वस्तू, पण आत मोठं खटलं नांदत होतं. शब्द जुळवणारी एक लायब्ररी, त्यांच्यावर सूर चढवणारी दुसरी, आवाज लहानमोठा करणारी तिसरी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या कोडची गाठोडी. आणि या गाठोड्यांचे मान मोठे. हिला ती लागते, तिला तिची धाकटी बहीण लागते, बहिणीला जुनीच वहिनी हवी, नवीशी तिचं पटत नाही. कुणाला आधी बसवायचं, कुणाला नंतर, कुणाची पाठ कुणाकडे नको, हे सगळं प्रत्येक गाठोड्यासोबत हाताने लिहून ठेवलेलं. एकीच्या कागदात बदल केला की दुसरी रुसून बसायची. हे सगळं एकत्र जोडून, ऑफिसच्या भाषेत 'बांधून', डबीत भरण्याजोगं करायचं काम आजवर थोरलीच करत आली होती.

हा रोजचा मानापमान मिटवायला भाचीने एक प्रोग्रॅम लिहिला.

ती मावशीची भाची. घरी तिला हीच ओळख पुरत होती, आणि ऑफिसातही तीच चिकटली, कारण मावशी या डबीच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. भाचीचा प्रोग्रॅम प्रत्येक लायब्ररीचा कोड वाचायचा, कोण कुणावर अवलंबून आहे ते शोधायचा, सगळी कॉन्फिगरेशन, म्हणजे कोण कुठे बसणार याचे ते कागद, आपणच लिहायचा आणि एका कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून सगळं ओळीने बांधून काढायचा. माणसाने चहा प्यावा. मोठ्या घरात अशी एक बाई असतेच, जिला तुमच्या सासूच्या मामेबहिणीचा दीर कुठे असतो हेही पाठ असतं. म्हणून प्रोग्रॅमचं नाव पडलं आत्याबाई.

"आत्याबाईची आई आली गं!" भाची दारात दिसली की तपासणीवाला ओरडायचा. त्याचं काम सगळ्या चाचण्या चालवून बघण्याचं. चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी खूण यायची आणि हिरवी खूण बघून त्याला भूक लागायची. त्याला सगळे हिरवा म्हणत.

त्या दिवशी आत्याबाईने पहिल्यांदा सगळं खटलं एकटीने उभं केलं. कोऱ्या मशीनवर, कुणाचा हात न लागता. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवंगार.

"बघ," हिरवा म्हणाला, "यात म्हैस सोडली तर संध्याकाळपर्यंत चरेल."

भाची हसली. जुन्या डब्यांच्या आतले भाग आता मिळत नव्हते. नव्या डबीची चिप वेगळी, तिच्यासाठी थोरली काही बांधू शकत नव्हती. मावशीची जुनी डबी तर मरायला टेकलेली. बॅटरी फुगली होती, एक कोपरा तडकला होता, वाक्याच्या मध्येच ती गप्प व्हायची आणि मावशी तिला तळहातावर आपटून शुद्धीवर आणायची. भाचीने नवी डबी पिशवीत टाकली. पिशवी पोटाशी धरून ती घरी गेली, वाटेत उबदार काहीतरी सांडू नये तशी.

मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. तिने आयुष्यभर पोहायला शिकवलं. आवाज गेल्यावरही तलावाच्या काठावर उभी राहून डबीतून शिकवत होती. उन्हाने रापलेले खांदे, पाण्याने पांढुरकी झालेली नखं, आणि बसतानाही पाठ अशी ताठ, की आत्ता सूर मारेल. भाची लहानपणापासून तिच्याच घरात वाढली. मावशीला गाणी जोडायची खोड. घास भरवताना, वेणी घालताना, ओरडतानासुद्धा दोन ओळी जुळवून ओरडायची. भाचीला बघितल्याबरोबर तिने जुनी डबी आपटली, दोन बोटांनी टाइप केलं, आणि डबी म्हणाली:

"भाची माझी शहाणी, बोलते यंत्राशी,
जेवायला बोलावलं, तर येते उद्याशी."

"आजच आलेय ना! आणि रिकाम्या हाताने नाही आले." भाचीने नवी डबी काढून तिच्या गळ्यात अडकवली. "आता बोल."

मावशी बोलली. आवाज स्वच्छ होता. खरखर नाही, अडखळणं नाही. मावशीचाच आवाज, अगदी तिचाच, जणू नुकताच धुऊन इस्त्री केलेला. तिने तीच दोन ओळींची थट्टा पुन्हा टाइप केली. डबीने ती बोलून दाखवली. मग मावशी बराच वेळ डबीकडे बघत राहिली, नळाचं पाणी एकाएकी वेगळं लागावं तशी.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे," नवी डबी म्हणाली.

भाचीला मात्र ते छान कुठेतरी लागलं. पायात काटा आहे हे कळावं, पण दिसू नये, तसं.

सकाळी तलावावर हजेरी लागली. तलावाच्या वर काचेचं छत होतं. त्यातून येणारा उजेड पाण्यात पडून भिंतींवर हलत राहायचा, त्यामुळे भिंतीही पाण्याच्याच वाटायच्या आणि आत येणारा प्रत्येक माणूस चार पावलं तरी संथ चालायला लागायचा. मावशीच्या वर्गात सगळ्या मोठ्या वयाच्या बायका. त्यात एक निवृत्त बँकवाली होती. ती पाण्यात उतरली की सरळ तळाला जायची, म्हणून मावशीने तिचं नाव ठेवलं होतं नांगरबाई. गेल्या आठवड्यात नांगरबाई पहिल्यांदा पाण्यावर तरंगली होती, तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

मावशी काठावर उभी राहून ओळी म्हणायची आणि बायका त्या ओळींवर हात मारायच्या. ओळ संपली की तोंड वर, श्वास. पुढची ओळ, तोंड पाण्यात. घड्याळ नको, शिट्टी नको.

"पाणी निळं निळं, त्याला नाही काठ,
माझ्या श्वासाने गं बांधली त्याची वाट."

नवी डबी ओळी म्हणू लागली. भाची बाकावर बसली होती. तिने पाहिलं, बायकांची रांग हळूहळू विस्कटतेय. एकीने लवकर तोंड वर काढलं, दुसरीने उशिरा. मधली एक थांबून इकडेतिकडे बघायला लागली, रस्ता ओलांडताना बघतो तशी. आणि नांगरबाईच्या नाकातोंडात पाणी गेलं.

मावशी कपड्यांसकट पाण्यात उतरली. हाताखाली हात घालून तिने नांगरबाईला काठाशी आणलं. खोकून खोकून ती लाल झाली होती.

"अहो, मला कळलंच नाही कधी श्वास घ्यायचा," ती धापा टाकत म्हणाली. "नेहमी कळतं. तुम्ही थांबता ना, तेव्हा आपोआप... आज तुम्ही थांबलाच नाहीत."

"डबी थांबली होती की," दुसरी म्हणाली. "पण नुसतीच थांबली."

मावशीने गळ्यातली डबी काढून बाकावर ठेवली. जुनी डबी घरून निघतानाच बंद पडली होती. तिने ओलं बोट काठाच्या कोरड्या फरशीवर टेकवलं आणि लिहिलं: पुढच्या आठवड्यापासून दुसरी शिक्षिका.

"मावशी! असं काय करतेस? मी बघते काय झालंय ते. दुरुस्त करते."

फरशीवरचं वाक्य सुरुवातीपासून वाळायला लागलं होतं. मावशीने त्याच्या खाली लिहिलं: हरकत नाही.

भाची तिथेच उकिडवी बसून त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. आधी 'हरकत' वाळून गेलं. 'नाही' जरा वेळ चमकत राहिलं.

ऑफिसात हिरवा आपल्या हिरवळीपुढे डबा उघडून बसला होता.

"चूक काहीही नाही," तो म्हणाला. "सगळे शब्द बरोबर. उच्चार बरोबर. स्वल्पविरामाला थांबते, पूर्णविरामाला जास्त थांबते. आणखी काय हवं माणसाला?"

"नांगरबाई बुडत होती, हिरव्या."

त्याने घास खाली ठेवला.

भाचीने जुना आणि नवा, दोन्ही आवाज पडद्यावर एकाखाली एक मांडले. शब्दांच्या जागी दोन्हीकडे सारखेच डोंगर. शब्द संपले की नव्यात सपाट रेघ, मैलोन्मैल वाळवंटासारखी. जुन्यात मात्र त्याच जागी बारीक टेकड्या होत्या, गवताने भरल्यासारख्या. तिने नुसता तेवढा तुकडा कानाला लावला. श्वास. कुणीतरी बोलून थांबलं होतं आणि पुढचं बोलण्याआधी श्वास घेत होतं. वाक्य लांब असलं की श्वासही लांब, आणि शेवटी एक हलका उसासा, दार लोटून घेतल्यासारखा.

हे कुठून येत होतं? कुठल्याही लायब्ररीच्या यादीत श्वासाचा पत्ता नव्हता. तिने आत्याबाईला पुन्हा विचारलं. आत्याबाईने सगळं गणगोत पुन्हा मोजून तेच उत्तर दिलं: कुणी राहिलेलं नाही.

मग ती कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि तिने थोरलीला सांगितलं, तुझ्या पद्धतीने बांध. थोरली गुणगुणायला लागली. तिच्या पडद्यावरून ओळी वर सरकू लागल्या, संथ, न संपणाऱ्या. सापडलं. सापडलं. जोडलं. पुढे. ऊन भिंतीला टेकलं होतं. भाचीने हनुवटी हातावर टेकवली.

डोळा लागला की नाही कुणास ठाऊक. तिला एक लांब ओसरी दिसली. ओसरीवर पाट मांडलेले, आणि एकेक गाठोडं मांडीवर घेऊन बायका येत होत्या. दारात आत्याबाई उभी. जाड भिंगांचा चष्मा, हातात कंदील. तुम्ही कुणाच्या? हिच्या. बसा. तुम्ही? तिच्या. बसा. सगळे पाट भरले, तरी दाराबाहेर एक बाई उभी होती. हातात काही नाही. आत्याबाईने विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" बाई म्हणाली, "मी कुणाची म्हणून नाही आले. जागा असेल तर बसते. नसेल तर हरकत नाही." आत्याबाईने दार लोटून घेतलं. आणि आत बसलेल्या सगळ्या बायकांचा जीव एकदम घाबरा झाला.

भाचीने डोळे उघडले. पडद्यावर एक ओळ वर चालली होती.

*उसासा: सापडला.*

ती धावत कोऱ्या मशीनकडे गेली. तिथल्या ढिगातून तीच जागा शोधली. एवढ्या हिरव्या ओळींत ती ओळ कुणी वाचलीच नव्हती.

*उसासा: नाही. हरकत नाही.*

"ही भाषा कुणाची?" हिरवा मागून वाकून बघत म्हणाला. "मशीन अशी बोलते? अण्णांची आहे ही. अण्णा मशीनशीसुद्धा अहो-जाहो करायचे."

अण्णा म्हणजे तिच्या आधी हे काम सांभाळणारे. निवृत्त होऊन आता घरी होते. भाचीने त्यांच्या हातचा जुना कागद उघडला. तिथे लिहिलं होतं, उसासा नावाची लायब्ररी मशीनवर सापडली तर घ्या, न सापडली तर तसेच पुढे जा. असे 'तर' त्या कागदांमध्ये पोत्याने होते. जुने प्रिंटर असतील तर, बंद पडलेल्या कंपनीचा पडदा असेल तर. आत्याबाईला शिकवताना भाचीने एक साधा नियम घातला होता: जे 'असेल तर' आहे, ते धरूच नकोस. नियमाच्या वर तिने गमतीने टीपही लिहिली होती: *आत्याबाईला मिशा असत्या तर.*

तेव्हा त्या टिपेवर दोघं पोट धरून हसले होते. आता हिरवाही हसला नाही.

"थोरलीवरची उचलून टाक ना इकडे," तो म्हणाला.

"थोरलीवर बांधून तयार झालेली आहे. नव्या चिपवर ती चालणार नाही. मूळ कोड हवा." तिने पर्स उचलली. "अण्णांकडे जाऊन येते."

अण्णा गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तोंडात चिमट्यांची रांग, त्यामुळे त्यांना बराच वेळ नुसतं हुं हुं करता येत होतं. भाचीने चादरीच्या एका बाजूने सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या बाजूला अण्णांच्या चपला जागच्या जागी थांबल्या. चादर वाऱ्याने फुगली, मग बसली. अण्णांनी चिमटे तोंडातून काढले.

"बुडाली का ती बाई?"

"नाही अण्णा. ठीक आहेत त्या."

"अरे देवा." ते कठड्यावर टेकले. "अगं पोरी, आवाज रेकॉर्ड झाला की श्वास कापून टाकायचे, अशीच पद्धत. मधली खरखर म्हणतात त्याला. मला ते टाकवेना. तोंडातला घास टाकल्यासारखं वाटायचं. मग ठेवत गेलो एकेक. वाक्य लांब असलं तर कुठला, छोटं असलं तर कुठला, लावून बघितलं आणि जमलं. एवढंच."

"एवढंच? मग ते हवंच आहे असं का नाही लिहिलंत?"

"तसं कसं लिहू? हवंच म्हटलं की ज्याच्या मशीनवर नाही त्याचं काम अडणार. माझ्या हौसेपायी कुणाची अडवणूक कशाला? असलं तर असलं."

खालून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "बाबा, चहा वर आणू का?"

"असला तर आण, नसला तर राहू दे!" अण्णा ओरडले.

"अण्णा!" भाची म्हणाली. अण्णा तिच्याकडे बघून ओशाळले आणि मग दोघांनाही हसू फुटलं.

मूळ कोड त्यांच्या टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळलेल्या डिस्कवर होता. अण्णांनी ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. "ऐकायचेत?" असं जरा लाजत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावले. खोलीत श्वास भरत गेले. एक छोटा, घाईचा. एक नाकातून. एक हसू आवरल्यानंतरचा. पडदे हलत होते, आणि ते वाऱ्याने हलतात की या श्वासांनी, हे सांगणं अवघड होतं.

"हे तुझ्या मावशीचे. ऑपरेशनच्या आधी आली होती ना ती. मी म्हटलं, सहज बोला. ती म्हणाली, सहज मी पाण्यातच बोलते. मग तलावावर रेकॉर्डिंगची मशीन घेऊन गेलो." त्यांनी पुढचा लावला. लांब, खोल, आणि शेवटी तो हलका उसासा. "हा लांब वाक्यांनंतरचा. हा तिचा नाही."

"मग?"

"तेव्हा तिचा लांब श्वास दुखरा झाला होता. ऐकवत नव्हता, म्हणून तो घेतला नाही. पण तिच्या शेजारी बाकावर कुणीतरी बसलं होतं. मावशीचं लांब वाक्य बिनचूक पार पडलं की ते माणूस श्वास सोडायचं. माइकमध्ये आपोआप यायचं. दर वेळी, अगदी बरोबर त्याच जागी." अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "विचारायला हवं होतं तुला. राहून गेलं."

भाचीने तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. आपलाच श्वास असा बाहेरून ऐकताना तिला तो बाक आठवला, मावशीच्या ओल्या टॉवेलचा वास, आणि रडायचं नाही असं ठरवून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेली आपण. एवढी वर्षं मावशी कुणाशीही बोलली, भाजीवालीशी, डॉक्टरांशी, नांगरबाईशी, की मोठ्या वाक्याच्या शेवटी आपण तिच्याजवळ जाऊन बसत होतो. आणि आपणच लिहिलेल्या आत्याबाईने आपल्यालाच दारातून परत पाठवलं होतं.

"तू यातलं काय ठेवणार?" अण्णांनी विचारलं.

"सगळं. आणि 'असेल तर' काढून टाकणार."

"अगं, पण अडेल कुणाचं तरी."

"अडू दे अण्णा. अडलं की शोधतील."

ऑफिसात मॅडमनी कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं. सगळी जबाबदारी त्यांच्याच डोक्यावर असायची. "काम व्यवस्थित चाललंय. ऐच्छिक गोष्ट सक्तीची केली की उद्या नवीन मशीन आली, नवीन माणूस आला, की पहिल्या दिवशी लाल दिवा. तो दिवा मला विचारायला येणार."

"येऊ दे, मॅडम. तुम्ही आधी दोन्ही ऐका."

मॅडमनी डोळे मिटले. भाचीने नवा आवाज लावला, मावशीच्या दोन ओळी. मग थोरलीवरचा जुना, त्याच दोन ओळी. पहिल्या ओळीनंतर श्वास. दुसरीनंतर तो लांब उसासा, आणि त्याबरोबर मॅडमचे खांदे आपोआप खाली आले. किती वेळ वर धरून ठेवले होते कुणास ठाऊक.

त्यांनी डोळे उघडले. "सक्तीची करा," त्या म्हणाल्या. "आणि मला ते परत एकदा लावून द्या."

भाचीने आत्याबाईला नवा नियम शिकवला. यापुढे कुठलाही 'तर' गुपचूप टाकायचा नाही. प्रत्येकाबद्दल माणसाला विचारायचं, हवा की नको, आणि उत्तर लिहून ठेवायचं. जुन्या प्रिंटरांना तिने हात जोडून निरोप दिला. मिशांची टीप पुसून टाकली. उसाशापुढे लिहिलं, हवाच. मग कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून बांधायला घेतलं, डिस्क मुद्दाम न जोडता.

मध्यावर सगळं थांबलं. पडदा लाल.

*उसासा: नाही. पुढे जात नाही.*

"बाई गं," हिरवा छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझी सगळी हिरवळ करपली!"

"किती छान दिसतंय," भाची म्हणाली. तिने तो लाल रंग थोडा वेळ तसाच राहू दिला, संध्याकाळ बघावी तसा बघितला, आणि मग डिस्क जोडली.

तलावाच्या दारात मावशी अंग आखडून उभी होती. नवी शिक्षिका आली होती. तरुण, गळ्यात शिट्टी, नम्र. बायका काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भाचीने न विचारता डबी मावशीच्या गळ्यात घातली. मावशीने ती काढायला हात वर नेला.

"एक वाक्य," भाची म्हणाली. "लांबलचक. मग वाटलं तर काढ."

मावशीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग दोन बोटांनी सावकाश टाइप केलं. छतातला उजेड तिच्या खांद्यांवर हलत होता.

"मी या बायकांना सांगायला आले होते, की मी आता दमले आहे, आणि या नव्या मुलीचं सगळ्यांनी नीट ऐकायचं, आणि नांगरबाईंनी पुन्हा तळाचा ठाव घ्यायला जायचं नाही," डबी म्हणाली.

आणि मग डबीने श्वास सोडला. लांब. शेवटी हलका उसासा.

काठावर बसलेल्या बायकांचे खांदे एकदम खाली आले. नांगरबाईने तर डोळेच मिटले. मावशीचा हात डबीवर तसाच राहिला. तिने भाचीकडे पाहिलं नाही, पण तिचा दुसरा हात शेजारी काहीतरी चाचपू लागला आणि भाचीचं मनगट सापडल्यावर थांबला.

"तुला माहीत होतं?" भाचीने विचारलं. "की तो माझा आहे?"

मावशीने एका हाताने टाइप केलं. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"अगं, मी श्वास ओळखूनच आयुष्य काढलं. नव्या डबीत तू नव्हतीस. मला वाटलं, तूच काढून घेतलास. मोठी झालीस, कामं असतात. म्हणून म्हटलं, हरकत नाही."

"हरकत आहे," भाची म्हणाली. "मी तसं लिहून टाकलंय आता. तू कितीही नको म्हटलंस तरी मी असल्याशिवाय तुझी डबी पुढे जाणार नाही."

मावशीच्या छातीतून हसण्याचा आवाज आला, तिचा स्वतःचा, डबीतला नव्हे. मग तिने नव्या शिक्षिकेच्या गळ्यातली शिट्टी अलगद काढून घेतली, तिच्याच हातात ठेवली आणि तिला भाचीशेजारी बाकावर बसवलं.

"आधी ऐक," डबी तिला म्हणाली. "मग शिकव. चला गं, पाण्यात!"

बायका एकेक करून उतरल्या. नांगरबाई सगळ्यांत शेवटी, काठाची पायरी घट्ट धरून.

"पाणी निळं निळं, त्याला नाही काठ..."

श्वास. सगळी तोंडं एकदम वर आली.

"शेजारी कुणी बसलं, की सापडते वाट."

शेवटची ओळ नवी होती. भाची बाकावर बसली होती, पायाच्या अंगठ्याकडे बघत. ओळ संपली, तिने श्वास सोडला, आणि त्याच क्षणी डबीनेही सोडला. कुठला कुठे संपला ते कुणाला कळलं नाही. भिंतींवर उजेडाचं पाणी हलत होतं, आणि तलावाच्या मधोमध नांगरबाई तरंगत होती.